अकरा प्रती

"हं, पुढचं पुस्तक कुणाचं, आजी?" नूरजहांनं विचारलं.

"धोंडुबाईचं. लिव," हरणाबाई म्हणाली.

नूरजहां मुलाणी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एकवीस वर्षं बसते आहे, पण कस्टमचं असलं पत्र तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. परदेशातून हरणाबाईच्या नावानं आलेल्या एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती कस्टमनं अडवल्या होत्या. एका बाईला अकरा कशाला, ही विकायची आहेत का, असा साहेबांचा संशय. भेट असेल तर घेणाऱ्या सगळ्यांची नावं आणि सह्या पाठवा, नाहीतर एक प्रत सोडून बाकीच्यांवर कर भरा. दोन्ही जमत नसेल तर पार्सल परत. मेंढरं राखणाऱ्या म्हातारीच्या पुस्तकविक्रीची त्यांना मोठीच काळजी पडली होती.

वीस वर्षांपूर्वी एक परदेशी बाई दोन हंगाम हरणाबाई आणि तिच्या सोबतिणींच्या कळपाबरोबर माणदेशातून उंब्रजवरून थेट कोकणापर्यंत चालली होती. वाटेनं बायका ओव्या म्हणत, त्या तिनं उतरवून घेतल्या. आता त्यांचं पुस्तक झालं. शब्द दिल्याप्रमाणे तिनं प्रत्येकीला एक प्रत पाठवली होती, पहिल्या पानावर जिचं तिचं नाव लिहून.

हरणाबाईचा मुलगा आप्पासो मोटारसायकल लावून आत आला. त्यानं फॉर्म वाचला.

"आयं, ह्या बाया कुटं हायत आता सही कराया?"

हरणाबाई सोडून बाकीच्या दहाही जणी वारल्या होत्या. शेवटची दगडाबाई, गेल्या दिवाळीत. पण पुस्तकं कुणाची असं विचारलं होतं, आणि हरणाबाईनं ते खरं सांगितलं होतं.

नूरजहांनं पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटलं आणि जरा रागही आला. खाडाखोड चालत नाही, म्हणजे पुन्हा नवा फॉर्म. "आजी, मग तुमचं एकच घ्या. बाकीची जाऊ द्या परत."

"व्हय, आयं," आप्पासो म्हणाला. "वाचणार तरी कोण हाय?"

"परत म्हंजी त्या बाईच्या देशात? न्हाई. त्या कोकणाच्या पल्याड कवा गेल्या न्हाईत. त्यास्नी घरी येऊ दे. काळी मेंढी इक, पर कर भर."

"गाभण हाय ती."

"ठावं हाय मला."

पार्सल अठराव्या दिवशी आलं. तोवर काळी मेंढी बाजारात गेली होती. आप्पासोनं कर भरला. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून नूरजहां एकेक प्रत उघडून नाव वाचू लागली. प्रत्येक नावाला हरणाबाई "हाय" म्हणे आणि पुस्तक घोंगड्यावर ठेवी. मागं रांगेत उभा असलेला एक जण कुरकुरला, तेव्हा नूरजहांनं मानही वर न करता त्याला शेजारची खिडकी दाखवली.

शेवटच्या प्रतीवर हरणाबाईचंच नाव निघालं. आप्पासोनं ती सगळ्यांत वर ठेवली. तिनं ती काढून तळाशी सरकवली.

"माजं मागं असू दे," ती म्हणाली. "वाटंला मीच मागं असायची, लंगडं मेंढरू घिऊन. त्या गेल्या फुडं."

मग तिनं घोंगड्याची गाठ मारली आणि पावतीवर अंगठा उठवायला हात पुढं केला.