उरलेले नऊ निरोप

ऑफिसात त्याला सगळे कप्पेकर म्हणत. घरी बायकोच्या डब्याडब्यावर चिठ्ठ्या चिकटवणारा हा माणूस, रुग्णालयाच्या जुन्या प्रोग्रॅमचा पसारा बघून गप्प थोडाच बसणार? तीन महिने खपून त्यानं ते अकरा वर्षांचं गाठोडं सोडवलं. नोंदणीचं मॉड्यूल वेगळं, औषधांचं वेगळं, रुग्णांच्या निरोपांचं वेगळं. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र तयार व्हायचं आणि एका कमांडसरशी सर्व्हरवर चढायचं. चढवण्याआधी ती कमांड तिथलं जुनं फोल्डर साफ पुसायची. ती ओळ त्याचीच, आणि तिचा त्याला कोण अभिमान.

मंगळवारी संध्याकाळी सगळं बिनबोभाट चढलं. साहेबांनी पाठ थोपटली. आठवडाभर कुणाची तक्रार नाही, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

पुढच्या बुधवारी सकाळी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची बायको त्या रुग्णालयात वारली होती. जाण्याआधी तिनं मुलीसाठी, ती अठरा वर्षांची होईपर्यंतच्या प्रत्येक वाढदिवसाला एक, असे आपल्या आवाजात निरोप ठेवले होते.

"आज पोरगी दहा वर्षांची झाली," ते म्हणाले. "यंदाचा निरोप उघडत नाहीये. बघता का जरा?"

"बघतो. काळजी करू नका."

सर्व्हरवर निरोपांचं फोल्डर रिकामं होतं. आवाजाच्या फायली पूर्वी कुणीतरी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवल्या होत्या, आणि त्याची कमांड त्या खरकट्यासारख्या पुसून गेली होती. बॅकअप रोज सकाळी व्हायचा, पण शेवटचे सातच राहायचे. सातही रिकामे निघाले. भरलेला शेवटचा बॅकअप कालच आपोआप उडाला होता. हा फोन परवा आला असता तर सगळं वाचलं असतं. अशी आणखी किती घरं असतील, हे मोजायचा त्याला धीर झाला नाही.

"त्या फायली माझ्या हातून पुसल्या गेल्या," तो कसाबसा म्हणाला. "आता परत मिळणार नाहीत. पण तुम्ही घरी उतरवून ठेवल्या असतील ना?"

जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं, असं त्याला वाटलं.

"नाही. वेळेआधी हात लावायचा नाही, अशी शपथ घातली होती तिनं. आम्ही लावला नाही," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. "पोरगी चारला शाळेतून येते. तिला काय सांगू, तेवढं तरी सांगा."