आपल्या रक्ताला पचतंय

जगदेवप्पांना आपल्या रक्ताचा भारी तोरा. तरुणपणी लॉरीवर असताना जागं राहायला खाल्लेल्या गोळ्या त्यांना कधी बाधल्या नव्हत्या. म्हणून भालकीत पुतण्याच्या हळदीला पोरांनी नाचायच्या गोळ्या आणल्या, तेव्हा या शहाण्या माणसानं कानाखाली वाजवायची सोडून मिशीला पीळ दिला. "खावा की. आपल्या रक्ताला पचतंय."

त्यांचा थोरला लेक पंचाक्षरी एका गोळीतच "अप्पा, लई गरम व्हायलंय" म्हणाला आणि नाचता नाचता कोसळला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. जगदेवप्पाही तेच म्हणाले. पंचाक्षरीला बिदरला हलवलं, धाकटा धनराज लग्नासाठी भालकीतच मागं राहिला.

दुसऱ्या दिवशीही बिदरच्या दवाखान्यात पंचाक्षरीच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या होत्या आणि ताप उतरत नव्हता. लघवीच्या तपासणीत गोळीचा अंश सापडला, तेव्हा कुठं जगदेवप्पांनी तोंड उघडलं.

"पण म्या तसल्या मूठमूठ खाल्ल्या. मला काय झालं न्हाई. ह्याला कामून?"

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय. निलम्मा माझ्या अक्काची लेक. एकच रक्त." अशा वेळीही त्यांची मान ताठ झाली.

"तिथंच घोळ असावा. असली गोळी पचवून बाहेर टाकायचं काम एका जीनकडं असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. तुम्हा दोघांत एकेक बिघडलेली असेल आणि ह्याला नेमक्या त्याच आल्या असतील, तर विष अंगातच साचत राहतं. दुसरं मूल आहे का?"

उरलेल्या गोळ्यांची पुडी धनराजच्या खिशात होती. आणि आत्ता भालकीत डीजे लावून नवरदेवाचा परण्या निघाला होता.

जगदेवप्पा फोन लावत सुटले. धनराज उचलेना, भाऊ उचलेना, कुणीच उचलेना. निलम्मानं त्यांचा हात धरला.

"मामा," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांना या नात्यानं हाक मारली नव्हती. "माझं एक तरी लेकरू ठिवा."

शेवटी धनराजनं फोन उचलला, पलीकडून डीजेचा दणका ऐकू आला.

"धनू, ती गोळी खाऊ नगं. पाया पडतो तुझ्या."

"कामून भ्यायलाव अप्पा? कवाच खाल्ली." धनराज हसत होता. "तुमचंच रक्त हाय की. निस्तं जरा गरम व्हायलंय."