उंदराची पकड

“पाठ अशी का वाकवलीस? आणि अंगावर काटा कसला हा?” मी ओरडले आणि बेल दाबली ती दाबूनच धरली.

नर्स धावत आली. ताईच्या हाताला औषधाची नळी, चेहऱ्यावर वैताग. “अहो, काही झालेलं नाही. वरून एसीचा झोत येतोय, म्हणून आखडून बसलेय. माझी ही धाकटी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते ना! पाठ वाकली, केस उभे राहिले की उंदीर आजारी, एवढंच हिला कळतं.”

नर्स खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी तरी काय करणार? मागच्या वेळी याच खुर्चीत ताई थडथडा कापली होती, ओठ निळे पडले होते. ते औषध उंदराच्या अंगात तयार झालेलं. रोगाच्या पेशींना बरोबर धरायचं, पण ताईच्या रक्ताने परका ओळखला आणि ते औषधावरच तुटून पडलं. आता हे नवं. हेही अंगाला मानवलं नाही तर आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

नर्सने झोत दुसरीकडे वळवला, ताईला पांघरूण घातलं आणि गेली.

“यात वेगळं काय आहे गं? पुन्हा उंदीरच ना?” ताईने विचारलं.

“उंदीरच, पण माणसात आणलेला.” डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं तसंच मी तिला सांगितलं. “औषधाचं सगळं अंग माणसाचं केलंय, रोगाला धरणारी बोटं तेवढी उंदराची ठेवलीत. आणि गंमत ऐक. पहिल्यांदा असं केलं, तर पकडच गेली! मग माणसाच्या भागातले दोन बारीक तुकडे काढून तिथे उंदराचेच परत बसवले. तेव्हा कुठे धरायला लागलं.”

“अगं बाई! एवढंसं जनावर, आणि त्याच्यावाचून अडलं?”

“अडलं,” मी म्हणाले. इतकी वर्षं पिंजरे धुतले, भुसा बदलला, चावे खाल्ले. मुठीत मावणाऱ्या त्या जिवात एवढं काही असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मला हात जोडावेसे वाटत होते, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

पिशवी रिकामी होत आली. ताप नाही, कापरं नाही. ताई जांभई देत होती, आणि मी ती जांभईसुद्धा डोळे भरून बघत होते.

“तो उंदीर तुझ्याकडचा होता का गं?”

“कोण जाणे. असेल माझ्यासारख्याच कुणाकडचा.”

“आहे अजून?”

“नाही गं. त्यांना आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं. आणि हा तर त्या औषधासाठीच मारलेला.”

नर्स आली, पिशवीकडे बघून म्हणाली, “झालं हं. काढू या?”

ताईने दुसऱ्या हाताने नळी झाकली. नळीत अजून वीतभर औषध होतं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “तेवढंही जाऊ दे आत.”

नर्सने मागून साधं सलाईन जोडलं, आणि ते शेवटचं औषध पुढे सरकताना आम्ही तिघी बघत राहिलो.