अर्ध्या आवाजातली चाचणी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दिवसभर धुकं, दुपारनंतर बारीक, बोचरा पाऊस.

मी एक माइक बोलतोय. ज्वारीच्या दाण्याएवढा, कातडीच्या रंगाचा. माझी जागा गाणाऱ्याच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे. जन्म कारखान्यातला, पण वाढलो म्युझिकलच्या, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकांच्या, फिरत्या मंडळीत. तिथली पोरं नाचता नाचता गायची, धाप लागली की नुसती कुजबुजायची, आणि मी ती कुजबुज शेवटच्या रांगेत पोचवायचो. शब्द पोचला पाहिजे, हा तिथला धर्म.

आज उवेनं मला या गावच्या नाट्यगृहात आणलं. उवे आमच्या मंडळीचा ध्वनीवाला. इथला ध्वनीवाला कालच्या तालमीनंतर तापानं पडला, म्हणून उवेला घाईनं बोलावणं आलं.

मला चिकटवलं गुड्रून हाल्बाखच्या कपाळावर. बाईंचं सगळं आयुष्य ऑपेरात गेलेलं. ऑपेरात माझ्यासारख्याला थारा नाही. एवढ्या वाद्यांच्या वरून आवाज स्वतःच्या छातीनं न्यायचा. पण पुढच्या हंगामापासून इथला ऑपेरा बंद होणार होता. नाट्यगृहाचे संचालक टेसमर रंगपटात डोकावले.

"हाल्बाखबाई, आजचा पहिला प्रयोग मी स्वतः बघतोय. म्युझिकल जमलं तर करार वाढवू. नाहीतर माझा नाइलाज आहे."

"बघा ना. तिकीट काढून बघा," ती हसून म्हणाली. पण तिच्या कपाळाची शीर माझ्याखाली थडथडत होती.

संध्याकाळी आवाजाची चाचणी झाली. गुड्रून सगळं गाणं अर्ध्या आवाजात गायली. ऑपेरावाल्यांची ही जुनी रीत: प्रयोगाआधी गळा जपायचा, चढे सूर नुसते दाखवायचे. उवेच्या जगात चाचणीत गातात तसंच प्रयोगात गातात. त्यानं तिच्या हलक्या आवाजाच्या मानानं माझा आवाज भरपूर चढवून ठेवला.

"झकास!" तो म्हणाला.

तिला वाटलं, याला कळतंय. त्याला वाटलं, हिचा आवाज एवढाच. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझ्या नशिबी दुसऱ्याचंच बोलणं बोलायचं.

पडदा उघडला. संवाद नीट गेले. मग पहिल्या गाण्याचं ध्रुवपद आलं, तिनं छाती भरून घेतली, आणि मी ओळखलं, मेलो.

तिनं आवाज सोडला. सभागृहातले भोंगे फाटक्या पत्र्यासारखे करकरले. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं कान झाकले. टेसमर वळून मागे आवाजाच्या टेबलाशी बसलेल्या उवेकडे बघायला लागले. उवेनं मला झटक्यात बंद केलं.

आता ढोल आणि गिटार एका बाजूला, ती एकटी दुसऱ्या बाजूला. सूर पोचत होता, शब्द बुडत होते. ऑपेरात गाण्याचे शब्द प्रेक्षकांसाठी रंगमंचाच्या वर लावलेल्या पाटीवर झळकतात. सवयीनं तिची नजर वर गेली. पाटी कोरीच होती.

तिनं आवाज खाली आणला. थेट संध्याकाळच्या चाचणीएवढा. कुणाच्या तरी कानाशी बोलावं तशी ती गायला लागली. उवेनं मला जपून उघडलं. शब्द पोचले.

मध्यंतरात तो धावत आला. "अगं बाई, एवढा मोठा आवाज चाचणीत कुठं लपवला होतास?"

"लपवला कसला? प्रयोगाआधी कोण पूर्ण गातं?"

"सगळे गातात!"

"कोण सगळे?"

"माइकवाले!"

"आणि तू तरी विचारायचंस ना, गाढवा!"

मग उवे हळूच म्हणाला, "शेवटचं गाणं कसं गाणार, ते आत्ताच सांग."

"असंच, हलकं. शेवटचा सूर मात्र माझा. डावा हात उचलला की तू याला बंद कर."

"आणि नाही पोचला तर?"

"तर घरी बसेन."

शेवटच्या ओळीला तिचा हात वर गेला. उवेनं मला बंद केलं. त्या सुरासाठी वाद्यंही थांबली. मी मुक्यासारखा कपाळावर पडून होतो, आणि माझ्याखालचं हाड घंटेसारखं घुमत होतं. सूर माझ्याशिवायच शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. इतकी वर्षं मी आवाज वाहिले, पण आवाज असा हाडातून उठतो, हे कधी कळलं नव्हतं.

गाणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे: चाचणीत खरं गा, आणि नसाल गाणार, तर तसं सांगा.

प्रयोगानंतर टेसमरांनी करार वाढवला: एक वर्ष, फक्त म्युझिकल. गुड्रूननं सही केली. उवेनं मला पुसून डबीत ठेवलं.