कडेची सूज

परक्याचं यकृत असलं की डॉक्टरांची नजर घारीची. गाठ सुईने जाळून झाली की शिरेतून बुडबुड्यांचं औषध सोडायचं आणि सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत बसायचं. मेलेल्या भागात रक्त जात नाही, तो काळा राहतो. जिथे चमक उठली, तिथे गाठ जिवंत. मग पुन्हा सुई! पेशंटने कितीही आरडाओरडा केला तरी यांचा हात थांबायचा नाही. शिकाऊ डॉक्टरांना दम भरायचे, "कडेची चमक सगळीकडे सारखी बारीक दिसली तर सूज. एकाच जागी जाड दिसली तर गाठ. साप अर्धमेला सोडायचा नसतो."

आणि मग त्याच टेबलावर त्यांचा दादा आला. वहिनी कानीकपाळी ओरडली, की भाऊजी, दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. पण दादाचं एकच टुमणं, "आमचा धाकटा असताना मी परक्याच्या हाताखाली कशाला झोपू?" डॉक्टरही हुरळले. वडिलांच्या माघारी ज्याने लहानाचं मोठं केलं, त्याला नाही कसं म्हणणार?

गुंगीचं औषध दादाला पुरलंच नाही. जाळताना तो कण्हत होता. जाळल्याची वाफ निवल्यावर बुडबुडे सोडले, तर काळ्या डागाच्या खालच्या कडेला चमक उठली. एकाच जागी, चांगली जाड.

"सर, पुन्हा सुई?" सिस्टरने विचारलं.

तेवढ्यात दादा म्हणाला, "धाकट्या, पुरे रे. नाही सोसवत."

दादाच्या तोंडून असं काही डॉक्टरांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"सूज आहे ती," ते म्हणाले. "आवरा सगळं."

सूज म्हणे! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? सिस्टर सुया आवरू लागली. यांना शिकवणार कोण?

पुढच्या तपासणीत गाठ नेमकी तिथूनच फोफावलेली निघाली. मोठ्या शिरेत शिरली होती, आता सुईचाही उपयोग नव्हता. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून डॉक्टर वॉर्डात गेले. दादा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होता, "परक्याने अर्धवट सोडलं असतं हो. त्याला काय पडलीय? हा माझा पाठचा भाऊ, याने कणभर शिल्लक ठेवलं नाही. माझं नशीबच फुटकं, त्याला तो काय करणार?" आणि वळून म्हणाला, "काय रे धाकट्या, खरं ना?"

वहिनी बघत होती.

"हो, दादा," डॉक्टर म्हणाले, आणि त्याची उशी सारखी करू लागले.