रस्त्याकडे तोंड

अनुदान योजनेच्या तपासणिसाने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा तिचा दीर पुढे सरसावला.

"साहेब, वर कशाला? खालून झकास फोटो येतो. आजवर कुणी चढलं नाही."

"म्हणूनच चढतो," तपासणीस म्हणाला.

मागोमाग तीही चढली. मग नाइलाजाने दीर. गल्लीतल्या प्रत्येक छतावरची सौर पॅनेल त्यानेच बसवलेली.

*रकाना एक. पॅनेल किती? आठ.*

*रकाना दोन. कंपनीचा शिक्का? आहे.*

फॉर्मवर दिशेचा रकानाच नव्हता. तरी तपासणिसाने मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली.

"ताई, ही उत्तरेकडे तोंड करून का बसलीत? ऊन तर दक्षिणेकडून येतं."

तिने दिराकडे पाहिलं. तो स्वच्छ हात पँटला पुसत होता.

"रस्ता उत्तरेला आहे ना, साहेब. तुमची माणसं गाडीतून उतरत नाहीत. पाठ दिसली, की 'पॅनेल दिसत नाहीत' म्हणून फाइल परत. पहिल्या तीन अशाच गेल्या. मग अख्ख्या गल्लीची तोंडं रस्त्याकडे केली. त्यानंतर एक परत आली असेल तर सांगा."

सांगताना त्याची मान जरा ताठच होती.

खाली खोलीत तिचा नवरा नाकात नळी घालून पडलेला. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर, आणि वीज रोज दुपारी चारला जायची ती दिवेलागणीला यायची. त्या तीन तासांसाठी तिने कर्ज काढलं होतं. पण पॅनेलवर भरणारी बॅटरी तासाभरात मान टाकायची. ती पुरावी म्हणून तिने मिक्सर बंद केला, इस्त्री बंद केली, पंखाही. उरलेले दोन तास शेजाऱ्यांच्या बॅटरीवरून वायर ओढून, हातापाया पडून काढले. दिराला विचारलं, तर तो म्हणायचा, "ढग असतील, वहिनी."

"भावजी, फिरवा," ती म्हणाली. "आत्ता."

"थांबा," तपासणीस म्हणाला. "मंजूर फोटोत आहे तसंच पाच वर्षं ठेवायचं. अट आहे."

"मग नापास करा."

*रकाना सात. मंजूर फोटोशी जुळते का? हो / नाही.*

"जुळतंय की. नापास कशावर करू?" त्याचा आवाज खाली आला. "शेरा मारतो हवं तर. पण फाइल वर जाईल, आणि योजना याच महिन्यात संपतेय. अनुदान गेलं की कर्जाला पुरं व्याज. झेपेल?"

दीर छताच्या कडेला जाऊन खाली रस्त्याकडे बघत राहिला.

"सही कुठे करू?" तिने विचारलं.

तपासणिसाने बोट ठेवलं. तिने शाळेतल्यासारखं पूर्ण नाव लिहिलं.

ती खाली आली तेव्हा नवरा दाराकडेच डोळे लावून होता.

"झालं का पास?"

"झालं."

"मी म्हणत नव्हतो? आपल्या माणसाचं काम आहे ते." तो हसला, त्याला धाप लागली, तरी हसतच राहिला. "आता काय, घरची वीज. पंखा लाव. इतके दिवस उकडून मारलंस मला."

तिने पंखा लावला. पाती फिरू लागली, उशीवरचे त्याचे विरळ केस हलले आणि त्याने डोळे मिटले.

ती बटणापाशीच उभी राहिली.