पहिली सही

सत्यवतीने उकळत्या पाण्यातली बाटली चिमट्याने बाहेर काढली, गळ्याला सुतळी आणि बुडाला दगड बांधला, आणि विहिरीच्या काठावर ओणवी होऊन ती हळूहळू खाली सोडली. मे महिना, पाणी पार तळाला गेलेलं. सुतळी संपत आली तेव्हा कुठे बुडबुड ऐकू आली. भरलेली बाटली वर ओढून तिने घट्ट बूच लावलं, ओल्या कापडात गुंडाळली आणि पदराआड धरून मागच्या दाराने गल्लीत उतरली. आत वाळ्याच्या पडद्यामागे सासूबाईंची दुपारची झोप चालली होती. स्वतःच्याच विहिरीचं पाणी आपण चोरासारखं नेतोय, याचं तिला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत रंभाबाईंची खानावळ म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नसे. सत्यवतीचा नवरा गेला त्या वर्षी सासू-सुनेने चार कारकुनांना जेवायला घातलं. त्याला आता आठ वर्षं होत आली होती आणि पंगत बावीस पानांची झाली होती. रंभाबाईंचा स्वयंपाक सोवळ्यातला. पाणी विहिरीचंच. महापालिकेचा नळ गल्लीच्या तोंडाशी येऊन जमाना झाला, पण तो या घराचा उंबरठा ओलांडू शकला नव्हता. नळात चामड्याचा वायसर असतो. जे पाणी देवाला चालत नाही ते माझ्या पंगतीला कसं चालेल, असा रंभाबाईंचा सवाल, आणि त्यांच्या सवालाला उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. जेवणारेही काही कमी नव्हते. आपण विहिरीच्या पाण्यातलं वरण खातो, हे ते ऑफिसात मिशीवर ताव देऊन सांगत.

समोरच्या बाजूला ओमप्रकाशचं हॉटेल होतं. फाळणीनंतर पंजाबातून आलेला हा माणूस तंदुरी रोटी, डाळ आणि ऑम्लेट विकायचा. त्याच्याकडे सगळ्या जातीधर्माचे लोक एकाच बाकावर बसायचे आणि ताटल्या एकाच टबात बुडायच्या. गल्लीत कुणाला नुसती शिंक आली तरी ओमप्रकाशच्या फोडणीचा ठसका लागला म्हणायचे. मग एप्रिलमध्ये पाच जणांना कावीळ झाली, तेव्हा दुसरं कोण सापडणार? कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. आरोग्य खात्याकडे तक्रारअर्ज झाला. अक्षर चांगलं म्हणून तो सत्यवतीने लिहिला, आणि लिहिणारीनेच आधी करावी म्हणून पहिली सहीही तिचीच पडली. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या दाराला लाखेचं सील लागलं. तिला त्या दिवशी चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं होतं. आता ते समाधान आठवणंही तिला नको वाटे.

कारण गेल्या आठवड्यात ती रुपरावला भेटायला दवाखान्यात गेली होती. रुपराव रामटेककडचा. सहा वर्षं तिच्याकडे जेवणारा, अबोल, वाढलेलं सगळं संपवणारा. डोळे हळदीसारखे झालेले. तिने डबा उघडून मऊ भात पुढे केला आणि सहज म्हणाली,

"आता तरी त्या हाटेलात जाणं सोड बापा."

रुपरावने भातात बोटं फिरवली.

"मी त्याच्या हाटेलात कधीच गेलो नाही, ताई."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. ते बाकीचे चौघंही नाही जात. आमी सारे तुमच्याकडंच तर जेवतो."

"मग आधी काहून नाही बोलला गा?"

"काय बोलू? सारेच त्याचं नाव घेऊन राहिले होते." त्याने मान वर केली नाही. "ज्या घरचं सहा वर्षं खाल्लं, त्याच्याकडं बोट कसं दाखवू, ताई?"

परतताना तिने पाचही नावं मनात घेतली. पाचही ताटं तिने स्वतःच्या हाताने वाढली होती. आणि घरात पाय टाकल्या टाकल्या तिची नजर गेली ती परसातल्या नव्या संडासावर. जुना टोपलीचा संडास घाण, माश्या होतात, खानावळीला शोभत नाही म्हणून दिवाळीनंतर तिनेच हट्टाने तो पाडून नवा बांधून घेतला होता. खाली खोल शोषखड्डा. विहिरीपासून मोजून बारा पावलं. स्वच्छतेसाठीच केलं होतं सगळं.

बाटली नेऊन द्यायची होती ती बागचीबाबूंना. हे बंगाली गृहस्थ पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि रोज तिच्याच पंगतीला बसत. बाटली कशी उकळायची, कशी भरायची, हे त्यांनीच समजावलं होतं. निकाल येईपर्यंत पंगतीचं पाणी गुपचूप उकळूनच वाढा, असंही बजावलं होतं. पाचव्या दिवशी ते जेवणाच्या वेळेआधीच आले, अंगणात उभे राहिले आणि कागद तिच्या हातात देऊन चष्मा पुसू लागले.

"खराब आहे?" तिने विचारलं.

"बहुत खराब, दीदी. ये पानी पिने का नाही." मग म्हणाले, "ऑफिस में सिर्फ नंबर लिखा है. किसका कुआं, वो मैंने लिखा नाही. आप बोलेंगी तो लिखूंगा."

म्हणजे कागद चुलीत घातला तर कुणाला कळणार नव्हतं. सत्यवतीला त्या भल्या माणसाचा रागच आला. त्याने वाट मोकळी ठेवली नसती तर बरं झालं असतं.

"लिहा," ती म्हणाली. "रंभाबाईंची विहीर, असं लिहा."

त्या दिवसाचा स्वयंपाक तिने गल्लीतल्या नळाचं पाणी आणून, उकळून केला. रंभाबाईंनी हंडा आत येताना पाहिला आणि हातातली पळी खाली ठेवली. सत्यवतीने त्यांच्यासमोर बसून कागद वाचून दाखवला. मग रुपराव काय बोलला तेही सांगितलं.

"कागदावर काय लिवलं ते मले नको सांगू," रंभाबाई म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानं खणली ती विहीर. चाळीस वर्षं पिऊन राहिली मी. मले काय झालं?"

"विहिरीचा दोष नाही, आई. खड्डा मी खणला."

"मग बुजव. लाल औषध टाक. गावभर बोंब मारायची काय गरज हाय वं?"

"समोरचं हॉटेल बंद आहे."

"ते उघडंन आपोआप. आपलं बंद झालं तं कोण उघडंन? कोण येईन जेवाले? आपुन दोघी काय खाऊ?"

दोघींचं पोट त्या बावीस पानांवर होतं, हे काही सत्यवतीला सासूने शिकवायला नको होतं. ती भीती तिच्याही छातीवर बसली होती. तरी तिने कागदाची नीट घडी केली आणि पिशवीत घातली.

"जाऊन येते," ती म्हणाली.

रंभाबाईंनी तोंड फिरवलं. नळाच्या पाण्यातलं वरण त्यांनी त्या दिवशी चाखलंही नाही.

आरोग्य खात्याचे वामनराव जुने इन्स्पेक्टर, खानावळीचे चाहते. त्यांनी कागद वाचला, टेबलावर पालथा घातला आणि आवाज खाली आणला.

"कोणाले दाखवला?"

"तुमालेच पहिल्यांदा."

"मग ऐका माझं. आज संध्याकाळी माणूस पाठवतो, विहिरीत औषध टाकू. खड्डा बुजवा. पंधरा दिवसांत त्याचं सीलही काढून टाकतो मी. नाही तरी टबात ताटल्या धुते तो, समज द्यायचीच होती. सारं बिनबोभाट होऊन जाईन."

"आणि लोक काय म्हणतील? कावीळ कोणी दिली?"

"लोक इसरतात, ताई."

"त्याच्याकडून झाली हे नाही इसरत, साहेब. त्याचं हॉटेल उघडलं तरी बाक रिकामेच राहतील." तिने पालथा कागद सुलटा केला. "तुमी लेखी घ्या. विहीर बंद करा, खानावळही बंद करायची तं करा. पण त्याचं सील आज काढा."

माणसं स्वतःची सुटका करून घ्यायला येतात, हे वामनरावांनी आजवर पाहिलं होतं. अडकवून घ्यायला आलेली ही पहिलीच. शेवटी त्यांनी दौत पुढे ओढली.

"दोन दिवस लागतील," ते म्हणाले.

दोन दिवसांनी विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि नवी सोय होईपर्यंत पंगत बंद ठेवण्याची नोटीस आली. त्याच सकाळी सत्यवतीने खानावळीच्या दारातला फळा पुसला. त्यावर रोज आजची भाजी लिहिलेली असे. तिने खडू ओला केला, म्हणजे सहजी पुसलं जाऊ नये, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'कावीळ या खानावळीच्या पाण्यामुळे झाली. समोरच्या हॉटेलचा त्यात दोष नव्हता. त्यांच्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला. चूक माझी आहे. सत्यवती.'

गल्लीने फळा वाचला आणि दोन दिवस दुसरा विषय काढला नाही. कुणी तिला देवमाणूस म्हटलं नाही. उलट, आमच्या सह्या कशाला घेतल्या मग, म्हणून चार घरांनी बोलणं टाकलं. पंगतीतले बारा जण दुसरीकडे गेले. एकाने जाताना सुनावलं, की आठ वर्षं सोवळं-सोवळं म्हणून आम्हाला काय पाजलंत? रंभाबाई ओसरीवर बसून सगळं बघत होत्या. फळा पुस, असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

समोर ओमप्रकाशचं हॉटेल उघडलं होतं. तो स्टुलावर बसलेला असे, भट्टी पेटलेली असे आणि बाक रिकामे. फळा वाचूनही लोकांचे पाय तिकडे वळत नव्हते. दोष नव्हता हे डोक्याला पटलं होतं, जिभेला पटायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी सत्यवती घराबाहेर पडली. मागे बागचीबाबू आणि आणखी नऊ जण, अजून तिला न सोडलेले. एकामागे एक असे सगळे रस्ता ओलांडून हॉटेलच्या दारात उभे राहिले. दुकानांतून माना बाहेर आल्या.

ओमप्रकाश उठला नाही.

"माझ्याकडची माणसं आहेत," सत्यवती म्हणाली. "आमची सोय होईपर्यंत तुमच्याकडे जेवतील. मीही जेवणार आहे."

"अर्जी पे पहली सही आपकी थी, बहनजी."

"हो. माझीच."

"पच्चीस साल से आमने-सामने हैं आपण. आप लोग कभी एक दफा भी अंदर आए? देखा, मेरा चूल्हा कैसा है, बर्तन कैसे हैं?"

"नाही आलो. न बघता सही केली. म्हणून आज न बघता जेवायला आले आहे. तुम्ही जे वाढाल ते."

आपलं हे बोलणं त्याला लागेल, तो विरघळेल, अशी तिची कल्पना होती. दोन दिवस ती हे वाक्य मनात घोळवत होती. ओमप्रकाश स्टुलावरून उठला तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि पडदा बाजूला धरून उभा राहिला.

"नहीं," तो म्हणाला. "मेहरबानी नको मले. पहले देखिए. फिर खाइए."

क्षणभर सत्यवतीला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग तिने चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि आत गेली.

तिने खरंच बघितलं. घरच्या फडताळात बघावं तसं, सावकाश. पिठाचा डबा उघडला, कणकेचा वास घेतला. कढईतल्या तेलाचा रंग पाहिला. माठावरचं झाकण काढून पाण्यात वाकून पाहिलं, ओगराळं उलटंपालटं केलं. टबातल्या पाण्यात बोट बुडवलं. ते गरम होतं. भिंती धुरकट होत्या, पण कोपरे झाडलेले होते. ओमप्रकाश दारात हाताची घडी घालून उभा होता. बाहेर दहा माणसं माना लांब करून बघत होती.

बाहेर येताना ती थांबली. धुतलेल्या ताटल्यांच्या चळतीशेजारी खिळ्याला एक फडकं टांगलं होतं, ताटल्या पुसायचं. तिने ते दोन बोटांत धरून त्याच्यासमोर केलं.

"बाकी सगळं चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हे चालणार नाही. किती दिवसांचं आहे हे?"

बाहेर बागचीबाबूंनी डोळे मिटून घेतले.

ओमप्रकाशने फडक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या खांद्यांत कधीपासून ताठलेलं काहीतरी सैल झालं.

"तीन दिन का," तो म्हणाला. "सच्ची बात है. गंदा है."

त्याने ते तिच्या हातातून घेतलं, भट्टीवरच्या उकळत्या पाण्यात टाकलं आणि मोठ्या आवाजात बाहेर सांगितलं,

"बैठो, भाई, सब बैठो. दस मिनिट लगेंगे. ताटल्या अजून एकदा धुवाव्या लागतील."

सत्यवतीने पदर पुन्हा खोचला, टबापाशी उकिडवी बसली आणि वरची ताटली हातात घेतली.